हेर म्युलरची आंघोळ

“एक म्हातारा पाहिजे,” शेटे सर म्हणाले. “स्वच्छ, अंगापिंडाने बरा, आणि आत्ताच्या आत्ता.”

विट्याच्या एका मंगल कार्यालयात आम्ही सगळ्या नर्सेस रांगेने बसलो होतो. अंगात निळा सैल सदरा आणि तसलीच पँट. स्टेजवर, एरवी जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे भाड्याने आणलेला हॉस्पिटलचा पलंग मांडला होता. त्या लाल मखमली खुर्च्या बिचाऱ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पलंगाशेजारी होत्या फ्राऊ लिंडनर. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी बरीच घरं एका संस्थेची होती, त्या संस्थेच्या या बाई. आमच्यातल्या काहीजणींना निवडून तिकडे न्यायचं, यासाठी त्या आल्या होत्या.

शेटे सरांनी परीक्षेसाठी रबराचा पुतळा आणून ठेवला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुतळा ओरडत नाही, पुतळ्याला लाज वाटत नाही, मला जिवंत माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. सरांनी आपले मामा तयार ठेवले होते म्हणे, पण आदल्या दिवशीचं बारशाचं जेवण मामांना बाधलं आणि मामा घरीच आडवे झाले.

शेटे सरांबद्दल सांगायला हवं. ते आधी इंग्रजी बोलायला शिकवायचे. मग व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला लागले, जो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला कधी आला नव्हता. जर्मनीला नर्सेस हव्या आहेत हे कानावर आल्यावर त्यांनी एका उन्हाळ्यात जर्मन शिकून घेतलं आणि पावसाळ्यात शिकवायला सुरुवात केली. आमच्यापुढे ते दोन धडे असायचे, एवढंच. सुट्टीत एखादीने घरी बसून तीन धडे केले की सर तिच्यावर उगाच चिडचिड करायचे. पण करता काय? अडला हरी गाढवाचे पाय धरी.

तर सर म्हाताऱ्याच्या शोधात हॉलभर नजर फिरवत होते. मुलींबरोबर आईबाप, सासूसासरे आलेले. बहुतेक बापे बाहेर पानाच्या टपरीवर. पहिल्या रांगेत, मधोमध, पाठ ताठ करून बसलेला म्हातारा एकच होता. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, मिशीला पीळ. शेटे सरांचे डोळे त्याच्यावर थांबले आणि मी डोक्यावरची ओढणी पुढे ओढली.

ते माझे सासरे होते.

यशवंतराव जगदाळे ऊर्फ आबासाहेब, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. माजी होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण तो शब्द त्यांच्या कानात शिरत नसे. गावात बारसं असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाच्या म्हशीने इनाम मिळवलेलं असो, स्टेजवर एक खुर्ची आबासाहेबांची. खुर्ची मांडली नसेल तर मांडवाच्या दारात उभे राहून ती येईपर्यंत घसा खाकरायचे.

“साहेब,” शेटे सर हात जोडून म्हणाले, “तुम्हाला एक मान घ्यायचा आहे.”

“कसला?”

“स्टेजवरचा.”

पुढचं ऐकायला आबासाहेब थांबलेच नाहीत. उठले, धोतराचा सोगा सावरला आणि पायऱ्या चढून वर गेले. वर खुर्ची दिसेना, पलंग दिसला, तेव्हा जरा घोटाळले. पण फ्राऊ लिंडनरनी पुढे होऊन हातात हात घेतला, दोनदा हलवला. गोऱ्या बाईने हात हलवल्यावर मग काय! सदरा काढायला सांगितला, काढला. टोपी काढायला सांगितली, तेव्हा मात्र जरा वेळ गेला.

“तब्येत तपासणार असतील,” माझ्यामागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना आमच्या घरात आत्ती म्हणतात. मांडीवर जेवणाचा डबा घेऊन त्या सकाळपासून तशाच बसून होत्या.

शेटे सरांनी आबासाहेबांना त्यांचं काम समजावलं. ते असं, की आज तुम्ही आबासाहेब नाही, तुम्ही हेर म्युलर. हेर म्हणजे श्रीयुत. तुम्ही म्हातारे आहात, जरा विसरभोळे आहात, कुरकुरे आहात. मुलगी जवळ आली की ‘नाइन’ म्हणायचं. नाइन म्हणजे नको.

“एवढंच?” आबासाहेब म्हणाले. “ते मी बोर्डाच्या मीटिंगमध्ये तीस वर्षं केलंय.”

लोक हसले. आबासाहेबांची कळी खुलली. ते उशीला टेकून असे पहुडले, जणू आता सत्कारच व्हायचा आहे.

मला हसू येत नव्हतं. का, ते सांगते.

मी लग्नाआधी इस्लामपूरच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होते. चार वर्षं शिकून आलेली. आख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात, बारा बारा तासांची ड्यूटी. पगाराच्या दिवशी आमचे डॉक्टर पाकीट हातात ठेवताना म्हणायचे, “सिस्टर, ही सेवा आहे हं.” सेवा हा शब्द त्यांना नेमका पगाराच्याच दिवशी आठवायचा. स्वतःचं बिल करताना कधी आठवल्याचं मी पाहिलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आम्हा नर्सेसइतकं दुसऱ्या कुणालाच लागू पडत नसेल. पण मला ते काम आवडायचं. तापाने फणफणलेलं माणूस सकाळी डोळे उघडून चहा मागतं, तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशातच मिळालेलं नाही.

लग्न झालं आणि आबासाहेबांनी घरात ठराव मांडला. मांडला म्हणजे मंजूरच. “जगदाळ्यांची सून लोकांचं हागमूत काढणार न्हाय.” खरं तर त्या दवाखान्यात ते काम मावशी करायच्या, आंघोळ नातेवाईक घालायचे, आम्ही सिस्टर लोक त्याला हातही लावत नव्हतो. पण हे कोण सांगणार? आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि आत्तींना म्हणायचं, “विचारा जरा, चहा टाकू का?” आबासाहेब समोरच बसलेले. ते आत्तींना सांगणार, “टाक म्हणावं.” तिघं एका खोलीत, आणि कारभार सगळा टपालाचा. माझा नवरा रणजित स्वभावाने वाईट नव्हता. त्याला काहीही विचारलं की तो म्हणायचा, “आबांना विचारून सांगतो.” एकदा मी त्याला विचारलं होतं, तुला मी आवडते का. तेव्हाही तो क्षणभर थांबला होता.

तर माझं शिक्षण कपाटात साड्यांच्या खाली गेलं आणि मी भाकरी थापायला बसले. नंतर पलीकडच्या गावातल्या एका कदमांची मुलगी नर्स म्हणून जर्मनीला गेली. कदमांनी घरावर स्लॅब टाकला. दारात गाडी आली. सोसायटीच्या कार्यक्रमात कदमांना खुर्ची मिळाली, आणि तीही आबासाहेबांच्या उजव्या हाताला. त्या रात्री आबासाहेब जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, “आपली सून बी शिकल्याली हाय की.”

हागमूत हा शब्द आमच्या घरातून जो गेला तो गेलाच. आबासाहेबांनी पारावर बसून जाहीर केलं, “तिकडं सगळं मशीनवर असतंय. ह्यांनी नुसतं बटन दाबायचं. आमची सून हेडसिस्टर म्हणून चाललीय.” दुरून डोंगर साजरे. खरी गोष्ट मला क्लासमध्येच कळली होती. तिकडे मी परदेशात शिकलेली नर्स. माझी पदवी तिथे अर्धी. परीक्षा देईपर्यंत मी मदतनीस. आणि मदतनीस असो की पुरी नर्स असो, तिकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवणं, धुणं, पुसणं, भरवणं हे नर्सेसनीच करायचं. मावशी नाही, नातेवाईक नाहीत. आमच्या क्लासात एक मुलगी तर नर्सिंगच परदेशात शिकून आलेली होती. तिची पदवी इथे कुणी धरीना, म्हणून ती परत बाहेर निघालेली. म्हणजे इथली पदवी तिकडे अर्धी आणि तिकडची इथे शून्य. जगात कुठेही जा, नर्सला आधी कमी लेखायचं आणि मग हाक मारायची.

पण मला जायचं होतं. फार जायचं होतं. अर्ध्या पदवीने का होईना, मला माझं काम परत हवं होतं. म्हणून आबासाहेब बटणं दाबण्याबद्दल बोलायचे तेव्हा मी पदराआड गप्प बसायचे. त्यांना खरं कळलं असतं तर त्याच दिवशी जर्मनी रद्द. आणि आता ते त्या पलंगावर पडले होते, जिथे ते कळायला त्यांना फार वेळ लागणार नव्हता.

परीक्षा सुरू झाली. चिठ्ठ्या काढायच्या होत्या. पहिल्या मुलीला ब्लडप्रेशर मोजायचं आलं. आबासाहेबांनी “नाइन” म्हटलं, तिने गोड बोलून हात पुढे करायला लावला. दुसरीला सूप भरवायचं आलं. आबासाहेब पुन्हा “नाइन” म्हणाले आणि सगळं सूप पिऊन वाटी परत देताना बोटही चाटलं. तिसरीने त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं. खुर्चीत बसल्यावर ते उठायला तयार होईनात, तेवढं सोडलं तर सगळं छान चाललं होतं. फ्राऊ लिंडनर मात्र वहीत काही लिहीत नव्हत्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. हे ‘नाइन’ काही खरं नाही, हे त्यांना कळत असणार. हा म्हातारा नको म्हणत नव्हता, हा भाषण करत होता.

माझी चिठ्ठी निघाली. उघडली. अंग धुणे. तोंड, पाठ, पाय.

मी धावत शेटे सरांना गाठलं. “सर, ते माझे सासरे आहेत.”

सरांनी मला बाजूला ओढलं. “आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत?”

“आता गप्प बस,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “घरचा माणूस पलंगावर झोपवून परीक्षा दिली असं बाईंना कळलं तर तू तर जाशीलच, माझा क्लासही जाईल. तो हेर म्युलर आहे. तुझा कुणी नाही. जा.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी स्टेजच्या पायरीशी उभी राहिले. मला सासऱ्यांच्या समोर उघड्या डोक्याने उभं राहायची सवय नव्हती. त्या निळ्या सदऱ्यावरही मी सकाळपासून ओढणी डोक्यावर घेऊन बसले होते. पायात नर्सचे बूट आणि डोक्यावर पदर, असं ते ध्यान.

मागून कुणीतरी ओढणी ओढली. आत्ती होत्या. त्यांनी ती माझ्या डोक्यावरून काढली, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

“आत्ती, आबासाहेबांना हात लावायचाय,” मी म्हटलं.

“मग लाव की,” त्या म्हणाल्या. “चावत न्हाईत. चावायचं असतं तर मला चावलं असतं.”

मी वर गेले. बादलीतलं पाणी कोपराने पाहिलं. कोमट होतं. दार नव्हतं, तरी शिकवल्याप्रमाणे पलंगाच्या लाकडावर टकटक केलं आणि जर्मनमध्ये म्हटलं, नमस्कार हेर म्युलर, मी हर्षदा. आज मी तुम्हाला आंघोळीला मदत करणार आहे. चालेल ना?

तीन वर्षांत मी त्या माणसाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही परक्या भाषेत, परक्या नावाने.

आबासाहेबांनी डोळे उघडले. माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. माझ्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते तिन्ही मुलींना मिळालेलं ‘नाइन’ नव्हतं.

“नाइन!” ते ओरडले. “नाइन, नाइन! लांब सरक! हात लावायचा न्हाय!”

फ्राऊ लिंडनरनी मान वर केली. वही उघडली.

“अगं, सून हैस तू माजी!” आबासाहेबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. “शेटे! अहो शेटे! ही माजी सून हाय, हिला खाली उतरवा!”

बाईंनी शेटे सरांकडे वळून विचारलं, ते काय म्हणतात?

शेटे सरांना त्या दिवशी देवच पावला असावा. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी खरा अनुवाद केला. “ते म्हणतात, ही माझी सून आहे.”

“अच्छा,” फ्राऊ लिंडनरच्या चेहऱ्यावरची आठी नाहीशी झाली. “डिमेन्शिया. त्यांना परक्या बाईत घरचं माणूस दिसतंय.” आणि त्या आबासाहेबांकडे इतक्या कौतुकाने पाहू लागल्या, जसं आपण नाटकात मरणाऱ्या नटाकडे पाहतो.

आता सगळं माझ्यावर होतं. आम्हाला शिकवलं होतं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. तो म्हणतो ते खोटं आहे असं सांगायचं नाही. त्याच्या जगात शिरायचं, त्याचं म्हणणं मान्य करायचं आणि हळूच आपलं काम करायचं. मी विचार केला, आणि माझ्या लक्षात आलं की या परीक्षेत पास व्हायचं तर खरं बोलण्यावाचून गत्यंतर नाही. भाषा कुठलीही चालेल, असं बाईंनी सुरुवातीलाच सांगितलेलं.

मी पलंगाशेजारी बसले, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले आणि मराठीत म्हटलं, “होय आबासाहेब. मीच सून. हर्षदा.”

मध्ये आत्ती नसताना सून आपल्याशी बोलते आहे, यावर काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“लोक बघायला लागलेत,” मी हळूच म्हटलं. “ओरडलात तर उगाच चर्चा होईल. तोंडापासून सुरुवात करते. पाणी कोमट आहे. गार वाटलं तर सांगा.”

“आबरू घालिवली गं माजी,” ते दातओठ खात पुटपुटले.

“चादर काढत नाही. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करते. बाकी सगळं झाकलेलं राहील.”

मी ओला रुमाल त्यांच्या कपाळावरून फिरवला. ते लाकडासारखे ताठ. मिशीला हात लावायच्या आधी मी विचारलं, “मिशी पुसू का?” या प्रश्नाने ते चपापले. त्यांच्या मिशीची परवानगी आजवर कुणी मागितली नसावी. मान हलली. पुसली. कान, मान, गळा. मग मी सांगितलं, आता कुशीवर वळायचं, मी धरलंय, पडणार नाही. ते वळले. समोर हॉलची भिंत आणि त्या पाठमोऱ्या मखमली खुर्च्या. तोंड लोकांकडे नव्हतं, त्यामुळे त्यांना जरा बरं वाटलं असावं.

मला त्यांचा राग होता. तो लपवून काय करू? या माणसाने एका ठरावाने माझी तीन वर्षं खाल्ली होती. पण हातांना राग कळत नाही. हात शिकलेलं करत होते. पाठीच्या कण्यावरून खाली, फासळ्यांवरून बाहेर, खांद्यांच्या पात्यांमध्ये जरा जोर देऊन. तिथे वर्षानुवर्षं कुणाचा हात पोचलेला नव्हता, हे सरळ दिसत होतं. मळ म्हणजे मळच. चेअरमनसाहेबांच्या पाठीवर एवढा मळ! पारावर बसून जगाला आंघोळ घालणाऱ्यांची पाठ अशी असते.

“दुखतंय का?” मी विचारलं.

त्यांनी मान आणखी भिंतीकडे वळवली.

“आबासाहेब, दुखत असेल तर सांगायला लागतं.”

मग भिंतीकडे तोंड असलेल्या त्या ताठ माणसाने अगदी बारीक आवाजात म्हटलं, “जरा डावीकडं.”

मी डावीकडे घेतलं. त्यांचा एक दीर्घ श्वास सुटला आणि लाकूड कधी माणूस झालं ते मलाही कळलं नाही. पाय धुवायला घेतले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, टाचांना तेल लावलं, सदरा घालायला मदत केली. टोपी मात्र त्यांच्या हातात दिली. ती स्वतःच घालायची असते.

फ्राऊ लिंडनरनी टाळ्या वाजवल्या. मग सगळा हॉल वाजवायला लागला. बाई मला काही म्हणाल्याच नाहीत, आधी आबासाहेबांकडे गेल्या. शेटे सरांनी सांगितलं, “बाई म्हणतात, एवढं खरं काम करणारा रुग्ण त्यांनी त्यांच्या देशातही पाहिला नाही. भीती, लाज, राग, सगळं अगदी हुबेहूब.” आणि बाईंनी आबासाहेबांच्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला.

आबासाहेबांनी डब्याकडे पाहिलं, टाळ्यांकडे पाहिलं. खरं सांगावं तर आब जातो, खोटं सांगावं तर मान मिळतो. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि हात जोडून लोकांना नमस्कार केला. शेटे सरांनी लगेच कोल्हापूरच्या पुढच्या परीक्षेचं आमंत्रण दिलं. “विचार करून कळवतो,” आबासाहेब म्हणाले.

माझी निवड झाली. बाईंनी मला जवळ बोलावून दोन्ही हात हातात घेतले. “वाद घातला नाहीस, फसवलंही नाहीस,” त्या म्हणाल्या. फसवलं नाही हे तर अगदीच खरं होतं.

परतीच्या वाटेवर, दिवसभर टपरीवर थांबलेला रणजित भाड्याची गाडी चालवत होता, शेजारी आबासाहेब, मागे मी आणि आत्ती. निवड झाली याचा आनंद मी आवळून धरला होता, कारण खरी निवड अजून व्हायची होती. हा माणूस आता नको म्हणणार, आणि हे नको शेटे सरांनी शिकवलेलं नसणार.

बराच रस्ता गेल्यावर आबासाहेब समोर बघत म्हणाले, “रणजित, विचार तिला. तिकडं हेच काम असतंय?”

रणजितने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोलू दिलं नाही. “हेच असतं, आबासाहेब,” मी म्हटलं. डोकं उघडंच होतं. “बटणं नसतात. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं.”

“परक्या गड्यांना?”

“गड्यांना, बायकांना. जे म्हातारे होतील त्यांना.”

“त्यांची पोरं-सुना काय करत्यात?”

“आपापली कामं करतात. आणि या कामाचा पगार देतात.”

आबासाहेबांनी घसा खाकरला. मी पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. आत ठेवलेली पदवी, क्लासचे महिने, रात्री जागून पाठ केलेले धडे, सगळं त्या खाकरण्यावर टांगलेलं होतं.

“गावात सांगायचं न्हाय,” ते शेवटी म्हणाले. “हेडसिस्टरच सांगायचं. काय?”

“बरं,” रणजित म्हणाला.

“मग जाऊ दे हिला.”

माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी अशी चीड आली की काय सांगू. ज्या कामापायी मला तीन वर्षं घरात बसवलं, त्याला आता हरकत नव्हती. फक्त कदमांना कळता कामा नये. एवढीच त्या इभ्रतीची किंमत! पण परवानगी मिळाली की तिच्याकडे निरखून बघू नये, हे मी त्या घरात शिकले होते.

आबासाहेबांनी चॉकलेटचा डबा उघडला. एक तोंडात टाकलं. जरा वेळाने पाठ सीटवर इकडून तिकडे घासली, जणू तिथे अजून काही राहिलं आहे.

“पण पाठ चांगली चोळती हां पोरगी,” ते म्हणाले. मग थांबले, आणि रस्त्याकडे बघतच पुढे म्हणाले, “रणजित, तिला म्हणावं, जायच्या आदी तेवढं आपल्या सासूला शिकवून जा.”

रणजितने नेहमीप्रमाणे निरोप पोचवायला तोंड उघडलं.

आत्तींनी मांडीवरचा रिकामा डबा खाली ठेवला.

“पगार काय देनार,” त्या म्हणाल्या, “ते आदी ठरवा.”